अंथरूण पाहून पाय, पण सरकारचं अंथरूण कोण शिवतं?

मागच्या आठवड्यात आमच्या स्टाफरूमच्या बोर्डावर एक नोटीस लागली, विषय काटकसरीचे उपाय. झेरॉक्स पाठपोट काढावी, वर्गातून निघताना पंखे बंद करावेत, चहा फक्त मीटिंगच्या दिवशी, वार्षिक अंक यंदा छापला जाणार नाही, आणि सगळ्यात खाली बारक्या अक्षरात, लायब्ररीसाठी नवीन पुस्तकांची खरेदी पुढील आदेशापर्यंत थांबवली आहे. नोटीस स्वतः मात्र एकाच बाजूला छापलेली, प्रत्येक विभागाला एक अशी अकरा पानं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, सांगलीत आहे एवढं बास.

मी तिथं अर्थशास्त्र शिकवते, सीएचबीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व. तास घेतला की त्या तासाचे पैसे, सुट्टी पडली की शून्य, आणि तेही लगेच नाही, बिलं तयार होतात, वर जातात, निधी आला की खाली येतात. यंदा जुलैपासून शिकवतेय आणि हे लिहिते तोवर एक रुपया आलेला नाही. मी ज्या खुर्चीत बसते ती एका कायम जागेची खुर्ची आहे, सर रिटायर झाले तेव्हापासून रिकामी, भरती बंद. म्हणजे बसायला खुर्ची दिलीय, जागा दिलेली नाही. भरती बंद ठेवणं ही पण काटकसरच असते, फक्त तिची नोटीस लागत नाही.

तर नोटीस लागली त्याच दिवशी एसवायच्या वर्गात मी सरकारी खर्च शिकवत होते आणि काटकसरीच्या धोरणानं मंदी वाढू शकते असं म्हणाले, तर मागच्या बाकावरनं एक पोरगं उठलं. कवठेमहांकाळकडनं एसटीनं येतं, एरवी बोलत नाही. म्हणालं, मॅडम, काटकसर वाईट कशी काय? आमची आई रोज सांगती अंथरूण पाहून पाय पसरावे, मग सरकारनं तसं केलं तर चुकलं कुठं? वर्ग हसला, पण प्रश्न भारी होता, आणि मी त्याला तिथं दिलेलं उत्तर मलाच पटलं नाही. पुस्तकी होतं. म्हणून हे इथं लिहितेय, जरा सावकाश.

आधी म्हणीचंच बघू. घरात ती शंभर टक्के खरी आहे. मी महिन्याला दोन हजार कमी खर्चले म्हणून माझ्या नवऱ्याचा कुपवाड एमआयडीसीतला पगार दोन हजारांनी कमी होत नाही. माझा खर्च हे कुणाचं तरी उत्पन्न असतंच, पण तो कुणीतरी माझ्या घराबाहेरचा असतो, त्याचं काय झालं ते माझ्या वहीत येत नाही. आता माझंच उदाहरण घ्या, बिल आलं नाही म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात पाच महिन्यांची उधारी झालीय. काका काही बोलत नाहीत, चांगली माणसं आहेत, पण परवा गणपती पेठेतल्या होलसेलवाल्याला फोनवर "पुढच्या आठवड्यात बघतो की" म्हणत होते ते मी ऐकलं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करून जिरं घेऊन आले. तो होलसेलवाला पुढं कुणाला काय म्हणाला असेल ते मला माहीत नाही, पण अंदाज आहे.

सरकारच्या बाबतीत गंमत अशी की हे सगळे लोक त्याच्या वहीच्या आतच असतात. मी, किराणावाले काका, होलसेलवाला, त्याचा हमाल, टेम्पोवाला, सगळे. माझे पैसे थांबवून सरकारनं शंभर वाचवले तर काकांकडची विक्री घटली, विक्रीबरोबर जीएसटी घटला, होलसेलवाल्याचा नफा घटला म्हणजे इन्कम टॅक्स घटला. शंभर वाचले असं कागदावर दिसतं पण दुसऱ्या खिशातून तीस चाळीस गेलेले असतात. आणि देशाचं एकूण उत्पन्न, जे त्याचं अंथरूण, तेच लहान झालेलं असतं. आईनं पाय आखडले तर अंथरूण आहे तेवढंच राहतं हो, सरकारनं आखडले की अंथरूणही आखडतं. मग परत पाय बाहेर येतात, मग परत आखडा.

आता हे कितपत होतं हा खरा वादाचा मुद्दा आहे, आणि इथं जरा आकडे सहन करा. समजा एका देशाचं उत्पन्न १०० आणि कर्ज १२०. म्हणजे कर्जाचं प्रमाण १२० टक्के. सरकारनं खर्चात ५ ची कपात केली. शंभर रुपये उत्पन्नावर साधारण तीस रुपये कर मिळतो असं धरू. जर प्रत्येक रुपया कपातीनं उत्पन्न आठ आणे घटत असेल तर उत्पन्न ९७.५, कर पाऊण रुपया बुडाला, कर्ज झालं ११५.७५, प्रमाण ११९ च्या आसपास, म्हणजे थोडं उतरलं. ठीक. पण जर एका रुपयानं दीड रुपया उत्पन्न घटत असेल तर? उत्पन्न ९२.५, कर सव्वादोन बुडाला, कर्ज ११७.२५, आणि प्रमाण जवळपास १२७. कर्ज रुपयात कमी झालं आणि ओझं वाढलं. सगळा खेळ त्या आठ आणे की दीड रुपयावर आहे, पुस्तकात त्याला गुणक म्हणतात.

आणि ग्रीसचं नेमकं हेच झालं. २००९ च्या शेवटी तिथं नवीन सरकार आलं आणि त्यांनी सांगितलं की आधी दाखवलेली तूट खोटी होती, खरी कितीतरी जास्त आहे. कर्ज देणारे पळाले. मे २०१० मध्ये युरोपातले देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं मिळून ११० अब्ज युरोचं पॅकेज दिलं, मुख्य अट कपात. पगार कापले, पेन्शन कापली, एकदा नाही, परत परत. जून २०१३ मध्ये तर सरकारी टीव्ही रेडिओ एका रात्रीत बंद करून टाकला, म्हणजे आपल्याकडं सह्याद्री आणि आकाशवाणी सांगली एका रात्रीत गप्प झाली तर कसं वाटेल तसं. नाणेनिधीनं हिशेब केला तो गुणक साधारण अर्धा धरून. २०१३ च्या जानेवारीत त्यांचेच मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनी डॅनियल ली यांच्याबरोबर पेपर लिहिला की आमचा अंदाज चुकला, संकटाच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत तो एकाच्या बराच वर असावा. तोवर ग्रीसमध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली होती. संकटाआधीच्या मानानं देशाचं उत्पन्न जवळपास एक चतुर्थांश गेलं. कर्जाचं प्रमाण २००९ ला १२७ टक्क्यांच्या आसपास होतं ते पुढं १८० च्या आसपास पोचलं, आणि ते सुद्धा मधे २०१२ ला खाजगी कर्ज देणाऱ्यांनी निम्म्याहून जास्त रक्कम सोडून दिल्यावर. २०१५ च्या उन्हाळ्यात एटीएमसमोर रांगा, दिवसाला ६० युरो, त्याच्यावर नाही. आपल्याला नोटाबंदी आठवते, त्यामुळं ते फोटो बघताना मला वेगळं काही वाटलं नव्हतं.

ग्रीसचं काही चुकलं नव्हतं असं मी म्हणत नाही. आकडे लपवले, श्रीमंतांकडनं कर वसूल केला नाही, आणि स्वतःचं चलन नसल्यानं त्यांच्याकडं दुसरा मार्गही फार नव्हता. पण रोग्याला जुलाब होतायत म्हणून पाणी बंद केलं असा तो प्रकार झाला.

वर्गात मुलांना सगळ्यात जास्त आवडतो तो किस्सा एक्सेलचा. २०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन मोठ्या अर्थतज्ज्ञांनी पेपर लिहिला, मथितार्थ असा की देशाचं कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ एकदम खाली येते, त्यांच्या तक्त्यात सरासरी उणे ०.१ टक्के. काटकसरवाल्या पुढाऱ्यांनी तो आकडा झेंड्यासारखा नाचवला. मग २०१३ ला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्न्डन नावाचा एक विद्यार्थी, क्लासची असाइनमेंट म्हणून तेच गणित परत करायला बसला आणि त्याचं उत्तर जुळेना. त्यानं मूळ फाइल मागवली. सरासरी काढताना फॉर्म्युला पूर्ण ओढायचा राहिला होता, पाच देश सुटले होते. बाकी निवडीतले दोष धरून त्यानं परत काढलं तर उणे ०.१ च्या जागी अधिक २.२ आलं. मी हा किस्सा सांगितला की पोरं एकदम जागी होतात, कारण एक्सेलमध्ये फॉर्म्युला ओढायला विसरणं हे त्यांचं रोजचं आहे. एकानं विचारलं होतं, मॅडम त्यांचे मार्क कापले का?

पण एक सांगते, काटकसर हा शब्द सगळीकडं एकाच अर्थानं वापरतात आणि तिथंच घोळ होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जी काटकसर होती ती वेगळी. तिथं खरोखर वस्तूच नव्हत्या. १९४६ ते १९४८ पाव सुद्धा रेशनवर होता, जो युद्धात पण नव्हता, आणि रेशनिंग पूर्ण उठायला १९५४ उजाडलं. अर्थमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स, हो तेच, १९४२ ला आपल्याकडं योजना घेऊन आलेले क्रिप्स, लोकांना सांगायचे की घरात कमी वापरा म्हणजे माल निर्यात होईल आणि डॉलर येतील. हे समजतं. वस्तू थोडी आहे, वाटून खा. आपल्याकडं १९६५ ला लाल बहादूर शास्त्रींनी आठवड्यातनं एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, माझे आजोबा त्यानंतर मरेपर्यंत सोमवारी रात्री जेवले नाहीत, कारण विचारलं तर महादेवाचं सांगायचे पण आजी म्हणायची शास्त्रीजींचा आहे तो उपास. १९९१ ला पण असंच, टंचाई होती परकीय चलनाची, ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडं गहाण टाकलं, रुपया उतरवला, २४ जुलैच्या बजेटात मनमोहन सिंगांनी खतांच्या किमती ४० टक्के वाढवल्या, मग आरडाओरडा झाल्यावर ३० वर आणल्या आणि लहान शेतकऱ्याला वगळलं. हाल झाले, पण काय कमी आहे ते तरी स्पष्ट होतं.

२०१० नंतरच्या युरोपात काय कमी होतं? पाव होता, गाड्या होत्या, कारखाने होते, काम करायला तयार माणसं घरी बसून होती. कमी होतं ते गिऱ्हाईक. आणि जिथं गिऱ्हाईकच नाही तिथं आणखी एक गिऱ्हाईक, म्हणजे सरकार, दुकानातनं बाहेर निघालं. ब्रिटननं तर २०११ च्या जानेवारीत व्हॅट साडेसतरावरनं २० टक्के केला, तोही मंदीतनं जेमतेम डोकं वर काढताना, आणि नगरपालिकांचे पैसे कापले त्यात कितीतरी गावांच्या लायब्ऱ्या बंद पडल्या. लायब्ऱ्यांवर सगळ्यांचा राग का असतो कळत नाही. बहुतेक त्या ओरडत नाहीत म्हणून.

आणि तिसरा अर्थ, आपला आवडता, दिखाऊ काटकसर. २००९ आठवतंय का, मंत्र्यांनी विमानात इकॉनॉमीनं जावं असं फर्मान निघालं होतं आणि शशी थरूर यांनी ट्विटरवर कॅटल क्लास म्हणून स्वतःची शोभा करून घेतली होती. त्या वर्षीचं केंद्राचं बजेट पहिल्यांदाच १० लाख कोटींच्या वर गेलं होतं. तिकिटात किती वाचले असतील? आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी सरकार खरं तर जागतिक मंदीला तोंड द्यायला सढळ हातानं खर्च करत होतं, बजेट मांडतानाच तूट देशाच्या उत्पन्नाच्या ६.८ टक्के धरलेली. विमानात काटकसर आणि वहीत मोकळा हात. माझ्या मते त्यातली वही बरोबर होती आणि विमान फोटोपुरतं होतं. पाठपोट झेरॉक्स त्याच जातीतली.

आता मूळ जागेवर येते, म्हणजे आपल्या जिल्ह्यावर, कारण हे सगळं परदेशी वाटत असेल तर थांबा.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, माहेर तासगावच्या पूर्वेकडचं. १९७२ च्या दुष्काळात त्या दहा अकरा वर्षांच्या असतील. त्या दिवशी रात्री भाकरी करताना मी त्यांना त्या पोराचा प्रश्न सांगितला. त्या म्हणाल्या, "अगं सरकारनं बी तवा अंथरूण बघत बसलं असतं तर आमी मेलोच असतो की." मग सुरू झाल्या. विहिरीत खरवडून पाणी, जनावरं छावणीत, मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लाल भाकऱ्या ज्या थापायला गेलं की तुटायच्या, कामावर पोरांना सुकडी मिळायची ती ओच्यात बांधून धाकट्या भावाला आणायची. आणि खडी. "आई खडी फोडायची, मी पाटी उचलायची. नाव लावायला लहान होते म्हणून मुकादम बघून न बघितल्यावानी करायचा." हातोडीचा आवाज दिवसभर माळावर चालायचा म्हणे, टक टक टक, रात्री झोपेत पण ऐकू यायचा. मजुरी किती मिळायची ते त्यांना आठवत नाही, पण पगाराच्या दिवशी बाजार भरायचा हे पक्कं आठवतं. दुष्काळात बाजार! गुळाचा खडा, बांगड्या, एकदा चपला. दुकानदार पण त्याच्यावरच जगला असणार.

आता बघा, त्या वर्षी सरकारकडं पैसा जास्त होता का? पीक नाही म्हणजे शेतसारा नाही, व्यापार नाही, कर नाही. अंथरूण एकदम तोकडं. आणि तरी कामं काढली, रस्ते, पाझर तलाव, बंडिंग, आणि १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं त्या कामांवर होती. ही कल्पना आभाळातनं पडली नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, त्यांच्या डोक्यातली योजना, आणि तिचा पहिला प्रयोग १९६५ ला तासगाव तालुक्यातच झाला. पुढं १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू, मागेल त्याला काम. २००५ ला देशभर जो रोजगार हमीचा कायदा झाला त्याचं मूळ हे. मंदीत सरकारनं खर्च वाढवावा हे आम्ही पोरांना केन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाच्या नावानं शिकवतो, परीक्षेत पण केन्सच येतो, पागे येत नाहीत. मी यंदा घालणार आहे, पेपर सेट करायला मिळाला तर.

आणि या योजनेला पुढं पैसा कुठनं आणला ते पण बघण्यासारखं आहे. नोटा छापायचा अधिकार राज्याला नाही. १९७५ ला व्यवसाय कर लावला, पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर. माझ्या नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपवर पीटी २०० अशी ओळ असते, फेब्रुवारीत ३००, आणि दर फेब्रुवारीत तो विचारतो की हे शंभर जास्त कसले. वर्षाचे २५०० पुरे करायला असतात ते. मी त्याला या वेळी सांगितलं की हा तुझ्या आईच्या खडीचा कर आहे. तो गप्प बसला, मग म्हणाला, आधी सांगायचंस की, मी कुरकुर केली नसती. (करणार, फेब्रुवारी येऊ दे.)

मराठीत काटकसरीला एक नेमका शब्दप्रयोग आहे, पोटाला चिमटा काढणे. आई स्वतःच्या पोटाला चिमटा काढते म्हणून ती म्हण सांगायचा तिला हक्क आहे. धोरणात चिमटा काढणारा हात एकाचा आणि पोट दुसऱ्याचं असतं. १९७५ ला निदान ज्याचा पगार चालू होता त्याला चिमटा काढून ज्याची चूल बंद होती त्याला दिलं. ग्रीसमध्ये उलटं झालं.

बरं, मग काय, सरकारनं नुसतं उधळतच राहायचं का? नाही ना. त्या पोराच्या आईचं अर्धं म्हणणं खरं आहेच. केन्सनं स्वतः १९३७ मध्ये लिहिलंय की सरकारी तिजोरीनं काटकसर करायची ती तेजीत, मंदीत नव्हे. लोक दुसरा अर्धा भाग पाठ करतात आणि पहिला विसरतात. कॅनडानं १९९५ ला जबरदस्त कपात केली, १९९७-९८ ला तूट संपली सुद्धा, आणि देश काही बुडाला नाही. पण तेव्हा शेजारी अमेरिका जोरात होती, तिकडं माल खपत होता, कॅनडाचा डॉलर स्वस्त होता, व्याजदर उतरत होते. म्हणजे सरकार दुकानातनं निघालं तेव्हा दारात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. लाटव्हियाचं उदाहरण पण काटकसरवाले देतात, २००९ ला एका वर्षात १४ टक्के उत्पन्न गेलं आणि नंतर परत वाढ आली. आली, पण तोवर तरुण पोरं देश सोडून गेली होती. आटपाडी जतकडच्या माणसाला हे समजवायला नको, गलाई करायला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, निम्मं गाव बाहेर गेल्यावर मागं राहिलेल्यांची सरासरी बरी दिसते.

तेजीत हात आखडायचा हे मात्र कुणालाच जमत नाही. बेदाण्याला दर आला की पुढच्या महिन्यात दारात बुलेट, हे आपण बघतोच, सरकार म्हणजे तीच माणसं मोठ्या आकड्यात. केंद्रानं २००३ ला कायदा केला की तूट ३ टक्क्यांवर आणायची, आणि नंतर किती वेळा मुदती पुढं ढकलल्या ते मोजायला नको. राज्यांना तर मोकळीकच कमी, राज्याच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आसपास कर्ज काढता येतं आणि केंद्राचं देणं असेल तर केंद्राची परवानगी लागते. मग अडचण आली की कापायचं काय? पगार कापता येत नाही, पेन्शन नाही, व्याज तर नाहीच. उरतं ते रस्ता, धरण, पुस्तक, भरती. २०२० च्या मे मध्ये राज्यानं जीआर काढला, विकासकामांचा ६७ टक्के निधी कापला, आरोग्य सोडून भरती बंद. करोना होता, पैसा नव्हता, समजू शकते. केंद्रानं पण दीड वर्ष महागाई भत्ता गोठवला होता. पण कापलेलं परत जोडायला जो वेळ लागतो त्याचा जीआर निघत नाही.

आमच्या गल्लीत एक छोटे ठेकेदार आहेत, रस्त्याची कामं घेतात. कुठल्या खात्याची ते सोडा. काम झालं, मापं झाली, बिल दोन वर्षं अडकलंय. त्यांनी जेसीबी कर्जावर घेतलाय, हप्ता थांबत नाही. ऑपरेटरला काढला, तो आता पुण्यात कुठंतरी डंपर चालवतो. हे बजेटमध्ये कपात म्हणून दिसत पण नाही, कारण खर्च मंजूर आहे, फक्त दिला नाही. ही सगळ्यात चलाख काटकसर, माझं बिल पण त्यातलंच. आणि मग लोक म्हणतात लाडकी बहीणमुळं सगळं झालं. जुलै २०२४ पासून १५०० रुपये महिना, पहिल्या वर्षाला ४६ हजार कोटी धरले होते, पुढच्या वर्षी ३६ हजार कोटी. रक्कम मोठी आहे यात वाद नाही. पण आमच्याकडं भांड्याला येणाऱ्या ताई ते १५०० आले की त्याच आठवड्यात पोरीची क्लासची फी आणि गॅस भरतात, बाजारात पैसा फिरतो तो असाच. माझा आक्षेप त्या १५०० ला नाही, त्यांच्यासाठी जेसीबीवाल्याचं बिल थांबवायचं याला आहे, एका गिऱ्हाइकाला दुकानात आणून दुसऱ्याला बाहेर काढल्यासारखं. ज्यांना हा आक्षेप चुकीचा वाटतो त्यांच्याशी वाद घालायला मी तयार आहे, पण चहा त्यांनी पाजायचा, आमच्याकडं फक्त मीटिंगच्या दिवशी असतो.

तर सोमवारी परत तास होता. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. असाइनमेंट दिली. घरी आलेली कुठलीही ५०० ची नोट पकडा, म्हणजे मनात, आणि ती चार हातांपर्यंत कुठं जाते ते विचारून लिहा. पहिल्यांदा सगळ्यांनी तोंडं वाकडी केली पण आलेलं वाचून मी रात्री एक वाजेपर्यंत जागी होते. एकीनं लिहिलं, वडिलांची हळदीच्या अड्ड्यावरची हमाली, त्यातनं दवाखाना, डॉक्टरांच्या कंपाउंडरचा पगार, कंपाउंडरनं मुलाला सायकलची ट्यूब. एकाची नोट दुसऱ्याच हाताला बचत गटाच्या हप्त्यात गेली आणि तिथंच थांबली, त्यानं खाली लिहिलं होतं, मॅडम पुढं विचारलं पण कुणी सांगेना. पैसा हप्त्यात गेला की फिरायचा थांबतो हे पुस्तकात गळती म्हणून दीड पान आहे, त्याचं एका ओळीत झालं.

आणि तो कवठेमहांकाळचा पोरगा. त्यानं पाच हात लिहिले होते, सगळे रुपये मांडून. आईची रोजगार हमीची मजुरी, त्यातले ३०० किराण्याला, ११० एसटीच्या पासात भर, ७० वही आणि पेन, पुढं किराणावाला, त्याचा दूधवाला असं. खाली एक ओळ, सरकारनं हे ५०० वाचवले असते तर यातलं पहिलं काय बंद झालं असतं ते मला माहीत आहे, पास. मी त्याला दहापैकी नऊ दिले. एक कापला कारण ५०० ची बेरीज ४८० येत होती. बोलावून विचारलं, अरे वीस रुपये कुठं गेले? बराच वेळ चपलेकडं बघत राहिला आणि म्हणाला, मॅडम, मावा.